गोठ्यातला धूप

ऑस्ट्रियातील एका डोंगराळ खेड्यात लेकीकडे राहिलो होतो. नाताळ सरल्यावर एका तिन्हीसांजेला शेजारच्या वृद्ध आन्नाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातातल्या लोखंडी पात्रात निखारे होते आणि त्यांवर ऊद जळत होता. वर्ष संपताना घरात व गोठ्यात धूप फिरवण्याची तेथील परंपरा आहे. एकाने धूप धरावा, दुसऱ्याने पवित्र जल शिंपडावे. त्यांचे यजमान उन्हाळ्यात निवर्तले होते. दुसरे माणूस नसल्याने यंदा तो नेम मोडणार होता.

लेक म्हणाली, "बाबा, त्या तुम्हालाच बोलवताहेत. पण धुरानं खोकाल हं!"

"अगं, उदाच्या धुरानं कधी कुणी खोकलंय का?" असे म्हणून मी शाल सावरली आणि पात्र हाती घेतले.

तो गंध दरवळला आणि आईचे धुपाटणे आठवले. देवघरापासून गोठ्यापर्यंत ती रोज सायंकाळी धूप नेत असे. येथील देव निराळा, प्रार्थना निराळी. परंतु अंधार उतरताना घराची अशी काळजी घेणे मला परके वाटेना.

आन्नाबाई जल शिंपडत, मी धूप धरून आणि लेक सोबतीला, असे त्यांचे घर फिरून आम्ही गोठ्याशी आलो. तो गोठा कित्येक वर्षे रिकामा होता. तरीही उंबऱ्याशी आन्नाबाई थबकल्या आणि ओठांवर बोट ठेवून काही पुटपुटल्या.

लेकीने हलकेच सांगितले, "म्हणताहेत, हळू या, गाई बिचकतील."

आईही अगदी हेच म्हणत असे.

मी पादत्राणे दाराशी काढली आणि पावलांचा आवाज न करता प्रत्येक रिकाम्या गव्हाणीला धूप दाखवला.