दिवसा झोपणारं नागापूर

मुलगी द्यायची तर मुलाचं घर न कळवता जाऊन बघायचं, हा आमच्या मामांचा नियम होता. कळवलं की लोक उसनी भांडी मांडतात आणि शेजाऱ्याचे बैल आपल्या दावणीला बांधतात, असं ते म्हणत. म्हणून माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं स्थळ बघायला आम्ही तिघं एका सकाळी तिसगावहून नगरला निघालो, ते कुणालाही न सांगता. माझे वडील आबा, मामा आणि मी. बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागं पडला होता आणि रानात ज्वारी कशीबशी हुरड्यावर आली होती. मी अकरावी पास होऊन घरी बसलेलो. शहरात पाट्या वाचायला कुणीतरी हवं, एवढ्यासाठी मला सोबत घेतलं.

स्थळं दोन होती. एक मामांनी आणलेलं, पाथर्डीच्या पलीकडचं. जमीन बरी होती, पण कोरडवाहू. दिवाळी झाली की सगळं घर कोयते घेऊन ऊसतोडीला जाई. लग्न झालं की आक्काच्या हातातही कोयता आलाच. दुसरं स्थळ नगरजवळ नागापूरला नव्यानं उभ्या राहणाऱ्या कारखान्यांतल्या एका कामगाराचं, रघुनाथचं. आईवडील लहानपणीच गेलेले, वाट्याला जमीन नाही. मामा म्हणत, "ज्याला मातीच न्हाई त्याला पोरगी कशी द्यायची?" आबा म्हणत, "बघून तर येऊ." आक्काला कुणी काही विचारलं नव्हतं, तशी रीतच नव्हती. पण निघताना माझ्या सदऱ्याची कॉलर सारखी करत ती हळूच म्हणाली, "मामा विहीर बघतील, बैल बघतील. तू माणूस बघून ये."

तिसगावहून नगरकडे आजही जायचं असेल तर सकाळची वेळ धरा आणि खिडकीची जागा पकडा. करंजीच्या घाटात उन्हं तिरपी असतात तेव्हा डोंगर फार देखणे दिसतात. मला शाळेतल्या कवितांचं वेड. गुरुजींनी लघु-गुरू बोटांवर मोजायला शिकवल्यापासून जगातल्या प्रत्येक आवाजाला मी वृत्त लावत असे. आमची एस.टी. घाट चढली ती शार्दूलविक्रीडितात, धापा टाकत, आणि पलीकडे उतरली ती थेट भुजंगप्रयातात. मी ओठांतल्या ओठांत चाल म्हणतोय हे बघून मामा आबांना म्हणाले, "पोराला बस लागली वाटतं. लिंबू द्या चोखायला."

चांदबिबीचा महाल डोंगरावर दिसला की नगर आलं समजावं. माळीवाड्याच्या स्टँडवर उतरून आम्ही पंधरा-पंधरा पैशांचा चहा घेतला, भाकरी सोबत होतीच. तिथून टांगा केला. दिल्ली दरवाजा मागं पडला की गाव संपायचं तेव्हा. सावेडीला मळे होते, मोटेचा आवाज यायचा. आज तिथं उभं राहिलात तर माझ्यावर विश्वास बसणार नाही. पण सीना नदीच्या पुलापलीकडे मात्र एक वेगळंच गाव उगवत होतं. पत्र्याची उंच छपरं, ओल्या सिमेंटच्या भिंती, मुरुमाचे कच्चे रस्ते आणि त्यावर सायकलीच सायकली. एका बैलगाडीवर भलंमोठं लोखंडी चाक लादलेलं, आणि बैल नेहमीसारखे रवंथ करत चाललेले. दोन कारखान्यांच्या मधे ज्वारीचा एक पट्टा अजून उभा होता. मचाणावरून एक बाई पाखरं हाकत होती. तिच्या गोफणीतला दगड पिकावरून सुटून शेडच्या पत्र्यावर पडला, ठण्ण! आतून कुणीतरी ओरडलं, "मावशे, आमी काय चिमण्या हाय का?" ती खाली न बघताच म्हणाली, "दाना खाता न्हवं? मग चिमन्याच की!"

मला त्या जागेची एकच गोष्ट चुकल्यासारखी वाटली. कुणी आम्हाला "कुठलं पाव्हणं?" म्हणून विचारलं नाही. गावात शिरताना हा प्रश्न पहिला यायचा. इथं सगळेच कुठून तरी आलेले, कुणी कुणाला विचारायचं?

रघुनाथची चाळ सापडली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. पत्र्याच्या खोल्यांची एक लांब रांग होती. तिसऱ्या, त्याच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत सतरंजीवर एक तरुण आडवा, डोळ्यांवर उपरणं, गाढ झोपलेला. मामा उंबऱ्यातच थबकले. शेजारच्या खोलीत डोकावले, तर तिथं दोघं झोपलेले. पुढच्या खोलीत आणखी तिघं.

"आबा," मामांचा आवाज चढला, "दिवस कासराभर वर येऊन गेला, आन् ही आख्खी आळी निजलीया! एक तर समद्यांना हिवताप हाय, न्हाईतर समदी प्यालेली हायत. चला माघारी."

आमच्याकडे उजाडल्यावर झोपणारा माणूस आजारी तरी असतो नाही तर वाया गेलेला. मीही तेच शिकलो होतो. घरी जाऊन आक्काला हे कसं सांगायचं? मामा वळलेसुद्धा. एवढ्यात कडेच्या खोलीतून हातात लाटणं घेऊन एक बाई बाहेर आली.

"ओ पाव्हणं, हळू बोला जरा. माणसं झोपल्यात."

"तेच म्हन्तोय मी! माणसं झोपल्यात! उठवा की त्यास्नी!"

"कशाला उठवू? आत्ता सकाळी तर कामावरनं आल्यात. रातपाळी हाय त्यांची."

"रातच्याला कसलं काम? राखण करत्यात व्हय?"

"राखण न्हाई ओ. मशीनवर हायत. रात्रभर."

"अंधारात?"

"लाईट असतीया की," बाई म्हणाली आणि लाटण्याची मूठ तोंडावर धरून हसली. ती मूळची श्रीरामपूरची, नवऱ्याबरोबर इथं आलेली. सुमनबाई. मामांच्या वस्तीवर तेव्हा कंदील होते. रात्री माणसं जागतात ती भजनाला, बाळंतिणीला आणि मयताला. ज्वारीच्या राखणीला फार तर. पण रोज, पगारासाठी, उजेड विकत घेऊन जागायचं, हे त्यांच्या डोक्यात शिरेना.

सुमनबाईंनी आम्हाला आपल्या दारात बसवलं. मामांची दुसरी रीत पाण्याची. स्थळाच्या घरचं पाणी मामा तोंडात धरून चाखत. मचूळ निघालं तर उठत. त्यांनी घोट घेतला, थांबले, गिळला.

"गोड हाय. कुठल्या विहिरीचं?"

"नळाचं."

"आवो, नळाच्या मागं विहीर असंलच. ती कुणाची?"

"काय ठावं! नळ सोडला की येतं."

"विहीर कुणाची ते ठावं न्हाई आन् तुमी पानी पिता?" मामांनी आबांकडे असं बघितलं, की आता आणखी काय पुरावा पाहिजे!

"तो उठंस्तोवर थांबू," आबा एवढंच म्हणाले. मग आम्ही तिथंच बसून राहिलो आणि मी त्या चाळीची दुपार बघितली. तशी दुपार मी पुन्हा कुठं बघितली नाही. बायका भांडी घासत होत्या ती मातीवर, दगडावर नाही. धुणं धुवायला लांब नदीवर जात होत्या, कारण इथं आपटलं की आवाज होतो. एक लेकरू रडायला लागलं, तर तिघीजणी एकदम उठल्या. भंगारवाला चाळीजवळ आला की ओरडणं बंद करून नुसता हात हलवायचा. दूर कारखान्याची घरघर चालू होती. तिला वृत्त लावायचा प्रयत्न मी केला, पण तिच्यात यतीच नव्हता, कुठं श्वास घ्यायला जागाच नाही.

उन्हं कलल्यावर रघुनाथ उठला. दारात तीन पागोटी-टोप्या बघून बिचारा बावचळला. उपरणं आधी कमरेला गुंडाळलं, मग खांद्यावर टाकलं, मग आबांच्या पाया पडला. रंग सावळा, डोळे लाल. बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं, धुवून न निघणारं.

मामांनी उलटतपासणी सुरू केली. "रोजच असं दिवसा निजता?"

"न्हाई. एक आठवडा रात, मग एक आठवडा सकाळ, मग दुपार."

"म्हंजी दर आठवड्याला तुमचा दिवस बदलतो? मग जेवायचं कवा, देव पुजायचा कवा?"

"जवा जाग यील तवा," रघुनाथ खालमानेनं म्हणाला.

मग आबांनी दिवसभरातला त्यांचा एकच प्रश्न विचारला. "दिवसा झोप लागती का रं?"

रघुनाथ लागते म्हणाला असता तर विषय मिटला असता. "न्हाई लागत नीट," तो म्हणाला. "पत्रा तापतो. आन् कुठं भांडं वाजलं तरी दचकून जाग येती, वाटतं भोंगा झाला, आपण चुकलो. सवय व्हईल म्हन्त्यात."

संध्याकाळी शेवटची बस धरायला निघालो. पुलाजवळ मागं वळून बघितलं तर कारखान्यांच्या खिडक्या उजळल्या होत्या आणि भोंग्याबरोबर माणसांच्या रांगा आत सरकत होत्या. मामासुद्धा टांग्यातून मान वळवून बघत राहिले, पण बोलले नाहीत.

घरी मात्र बोलले. ओसरीवर बसून आईपुढे त्यांनी सगळं मांडलं. जमीन नाही, बैल नाहीत, विहीर कुणाची ते ठाऊक नाही, आणि नवरा उजेडी निजतो. आबा म्हणाले, "पोरगा खरं बोलतो."

"खऱ्यानं पोट भरतं व्हय?"

मी तोवर चुलीपुढे आक्काला सांगून टाकलं होतं, लाल डोळ्यांचं, पत्र्याचं, भांडं वाजलं की दचकण्याचं. ती ऐकत राहिली, तव्यावरची भाकरी करपली तरी. मग उठून दारापर्यंत आली. मोठ्यांच्या बोलण्यात ती त्याआधी कधी बोललेली मला आठवत नाही.

"मामा, तिथं दळण घरी करत्यात का गिरणीतनं आणत्यात?"

"का गं?"

"न्हाई, घरी जातं ओढलं तर त्यांची झोप मोडंल."

मामांनी तिच्याकडे बघितलं, मग आबांकडे. "घ्या! आमी इथं भांडतोय, आन् ही बया राखण करायला लागली सुदीक!" आणि असे हसले की आईनं तोंडाला पदर लावला.

त्या उन्हाळ्यात आक्का नागापूरला गेली.

आता तिसगावहून नागापूरला चारचाकीनं निघालात तर थर्मासातला चहा थंड व्हायच्या आत पोचाल. ज्वारीचा पट्टा शोधू नका, सापडणार नाही. सावेडीच्या मळ्यांवर इमारती आहेत. रघुनाथदाजी निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली. दुपारी ते ओट्यावर बसून पेपर वाचतात, टक्क जागे. घरात झोपलेलं कुणी नसतं. तरी आक्का भांडं खाली ठेवते ते दोन्ही हातांनी, आधी त्याची कड टेकवून, जराही आवाज न होऊ देता.