बयानकाकांच्या वहीतलं माझं पान

कॅमेरा घेऊन कोणी भिलाईतल्या मरोदा सेक्टरच्या त्या क्वार्टरच्या व्हरांड्यात शिरलं, की काका आधी कॅमेऱ्याकडे बघायचेच नाहीत. एक लांबट वही पुढे सरकवायचे. तिला सुतळीनं पेन बांधलेलं असायचं. "पयले बयान," म्हणायचे. स्टील प्लांटमध्ये मीटर आणि गेज दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. तिथे मशीन बंद पडलं की शिफ्टवाल्यानं काय घडलं ते लॉगबुकात लिहायचं, मगच मेकॅनिकनं हात लावायचा. रिटायर झाल्यावर काकांनी व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीचं काम घेतलं, पण लॉगबुक काही सोडलं नाही. आम्ही लग्नाचे शूटिंगवाले पाठीमागे त्यांना बयानकाका म्हणायचो. तोंडावर अर्थात नुसतं काका. एवढी हिंमत कोणात होती!

एकदा माझ्यासमोर एकानं लिहिलं, 'कॅमेरा पडला.' काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पडला का पाडला?"

"अपने आप गिरा, काका."

"पाय फुटले होते का त्याले?" मग त्याला खुर्ची देऊन समजूत घातली, "अरे बाप्पा, डॉक्टरले पोट दुखते म्हणून सांगशीन अन् कालची पाणीपुरी लपवशीन, तं तो काय करन? पोट फाडून पाहीन?" तो बिचारा शेवटी लिहून मोकळा झाला की वरातीत नाचता नाचता कॅमेरा सोडला होता. काका खूश. अर्ध्या तासात कॅमेरा सुरू.

त्यांची दुसरी खोड म्हणजे इडलीपात्र. कॅमेरा उघडला की त्याचे स्क्रू इडलीपात्राच्या खळग्यांत जायचे, एका खळग्यात एक, निघाले त्याच क्रमानं. काकूंनी त्या पात्रावर केव्हाच पाणी सोडलं होतं. "स्क्रू दिसाले सारे भाऊ-भाऊ," काका सांगायचे, "पण हरेकाची उंची येगळी. ज्याचं घर त्यालेच द्याचं." मी हुडको कॉलनीतलं माझं दुकान बंद करून दुपारच्या दुपार तिथं बसायचो आणि हे ऐकायचो. ऐकता ऐकता माझा असा समज झाला की हे सगळं आता मलाही येतं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक घोटाळ्यांची सुरुवात ह्याच वाक्यानं होते.

जवळच्या उतई गावी एका लग्नात हळदीच्या वेळी माझ्या कॅमेऱ्यात टेप अडकली. टेपचा जमाना होता, कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, मोठा, साऱ्या मंडपात ऐट मारणारा. दुसरा कोणी असता तर नवऱ्याच्या बापाला सांगून मोकळा झाला असता. मी बाजेवर बसलो, चष्म्याचे स्क्रू पिळायचा छोटा पेचकस मागून घेतला आणि कॅमेरा उघडला. इडलीपात्र नव्हतं, म्हणून स्क्रू शेजारच्या थाळीत ठेवले. टेप निघाली. मी विजयी मुद्रेनं मान वर केली, तो थाळी गायब! ती अक्षतांची थाळी होती. मांडवाखाली बाया नवऱ्या मुलावर पिवळे तांदूळ टाकत होत्या. एका म्हातारीनं त्याच्या केसातून काहीतरी काढून माझ्यासमोर धरलं आणि हे काय म्हणून छत्तीसगढीत विचारलं, "ये का हरे बाबू?" तो माझा तिसरा स्क्रू होता.

आठांतले सात सापडले. आठवा नवरदेवाच्या सासरी गेला असेल. वरात निघायची वेळ झाली होती, म्हणून मी हॅलोजनच्या स्टँडचा एक स्क्रू काढून त्या भोकात बसवला. जरा लांब होता. जोर करून दोन पीळ जास्त दिले, बसला.

तेव्हापासून तो प्रकार सुरू झाला. टेबलावर ठेवला तर कॅमेरा शहाण्यासारखा चालायचा. खांद्यावर घेतला की दहा मिनिटांत चित्रावर आडव्या रेघा. काकांकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण जाण्याआधी मी काय केलं? तो लांब स्क्रू काढून फेकला आणि बाजारातून मापाचा आणून लावला. मग वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चालता चालता आपोआप बिघडला. कोणी उघडला नाही.'

काकांनी कॅमेरा फिरवून पाहिला. "हा येक स्क्रू नवा दिसून राहिला."

"कंपनीचाच असेल, काका."

"तू म्हणतं म्हणजे असन." आणि त्यांनी तो इडलीपात्रात ठेवला. दुसऱ्या कोणाला त्यांनी सोडलं नसतं. मी त्यांच्या व्हरांड्यातला माणूस होतो.

त्यानंतर तीनदा कॅमेरा नेला आणि तीनदा परत आणला. त्यांनी हेड साफ केलं, पट्टा बदलला, केबल बदलली. खांद्यावरच बिघडतो म्हणून स्वतः खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या. काकू कुरडया वाळत घालत होत्या, त्यांचंच शूटिंग केलं. "लग्नात येक फोटो काढला नाई धड, अन् आता माही फिलिम बनवून राहिले!" काकू पदर सावरत म्हणाल्या. आम्ही हसलो. दहा मिनिटांनी काकूंवर रेघा आल्या आणि काकांचं हसू गेलं.

मग मी कॅमेरा परगावच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला पाठवला. सोबत माझ्या बयानाची नक्कलही जोडली. हो, इमानदारीत! महिन्याभरानं कॅमेरा परत आला, 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी घेऊन. त्यांनी तो टेबलावरच ठेवून तपासला असणार. इकडे माझी दोन लग्नं दुसऱ्यानं पळवली. पानठेल्यावर दोस्तांनी विचारलं, "क्या हुआ बे, तुझे काका के पास भी ठीक नहीं हुआ?" तेव्हा खरं सांगायचं सोडून मी म्हटलं, "काकांचं वय झालं यार. हात थरथरतात आता."

थरथरत नव्हते. मी दोन वर्षं ते हात जवळून पाहिले होते.

भिलाईत अशी गोष्ट पोचायला सायकलही लागत नाही. व्हरांड्यात कॅमेरे येणं कमी झालं. एक दिवस काका मला म्हणाले, "लोकं म्हणून राहिले हात थरथरतात, तं असन बाप्पा. तुह्या कॅमेऱ्यानंच दाखवलं मले. येवढी साधी बिमारी सापडली नाई." सांगायला त्याहून चांगली वेळ नव्हती. मी चहा पिऊन घरी आलो.

सहा महिन्यांनी कळलं, काका क्वार्टर सोडून भंडाऱ्याला लेकीकडे चालले. हत्यारंही वाटून टाकली. सकाळी मी गेलो तेव्हा टेम्पोत सामान चढत होतं. कॅमेरा माझ्या खांद्यावर होता, कशाला आणला होता कोण जाणे. मी म्हटलं, "काका, वही कुठाय?"

"कावून?"

"बयान चुकलंय माझं."

त्यांनी बांधलेलं गाठोडं सोडलं. टेम्पोवाला कुरकुरला, त्याला हातानंच थांबवलं. मी टेम्पोच्या फळीवर वही ठेवून सगळं लिहिलं, थाळी, म्हातारी, हॅलोजनचा स्क्रू, नंतर बदललेला स्क्रू, पानठेला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मला वाटलं, आता वही तोंडावर बसणार.

"केवढा लांब होता?"

मी बोटाच्या पेरावर दाखवलं. काकांनी डोळे मिटले. कॅमेऱ्याला हातही लावला नाही. "डाव्या कोपऱ्यात गेला असन. खालच्या बोर्डाची पट्टी चिरली त्यानं. खांद्यावर घेतला का दाब पडते, तडा उघडते. टेबलावर नाई उघडत. हाव, हाव! कसा सापडन मले? चोर तं तू पयलेच पळवला!" आणि ते चक्क हसले. काकूंकडे वळून ओरडले, "ऐकलं का वं? माहे हात ठीक आहेत!"

पुढे नागपूरच्या एकानं बरोबर त्या कोपऱ्यात जोड दिला आणि कॅमेरा सुरू झाला. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की ते हसताहेत. राग आला असता तर मी पाया पडून सुटलो असतो. हसणाऱ्या माणसाची माफी कशी मागतात?

काकू हसल्या नाहीत. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सहा महिने झाले, हा माणूस चहाचा कप दोन हातांनी धरून राहिला रे."

टेम्पो निघाला. काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांनी उजवा हात खिडकीबाहेर काढला. मला वाटलं निरोप देताहेत, म्हणून मीही हात वर केला. पण ते हात हलवत नव्हते. बोटं पसरून, सरळ, स्थिर धरला होता. टेम्पो वळणापलीकडे जाईपर्यंत ते मला तो दाखवत होते.