चहाच्या गाड्यावर झालेली अर्फाची चौकशी

माधवनगरात इलियास जॉबरला ओळखत नाही असा माणूस एक तर नवखा असणार, नाही तर त्याला घरातलीच भांडणं पुरत असणार. माग बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर. निम्मे यंत्रमाग भंगारात गेले, मागोमाग इलियासचे गुडघे गेले, जीभ तेवढी शाबूत राहिली. सकाळी चहाला म्हणून तो भाऊसोच्या गाड्यावर येऊन बसायचा, आणि भाऊसो सांगलीला यार्डात गूळ आणायला गेला की गाडाही सांभाळायचा. साखर जास्त टाकायचा, पण पैसे चोख ठेवायचा.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं घोडं हलायचं नाही. मुलगी बघायला येण्याआधी मुलाकडची दोन माणसं गुपचूप गल्लीत येतात. न्हाव्याकडे, पानपट्टीवर, चहाच्या गाड्यावर बसतात आणि “असंच” म्हणून विचारतात. पोरगी कशी, घर कसं, कुणात मिसळते. आपण कोण हे ती माणसं सांगत नाहीत, आणि विचारणाऱ्याला “लग्नाचं काय?” असं उलटं कुणी विचारत नाही. तो शब्द आपण आधी काढला की सोयरीक फिसकटते म्हणतात. हिंदूंत हेच, मुसलमानांत हेच. आणि गल्लीतल्या पोरीचं चांगलंच सांगायचं, हा सगळ्यांचा धर्म.

या कामात इलियासचा हात धरणारा कुणी नव्हता. भाऊसोची लेक राणी भात करपवल्याशिवाय उतरवत नसे. पण इलियासनं पाहुण्यांपुढं तिच्या हाताच्या चवीची अशी काही तारीफ केली, की त्यांनी तिथंच मनात होकार धरला. राणी आज सुखानं नांदतेय. स्वयंपाक नवरा करतो.

त्याच्या स्वतःच्या घरात मात्र हे नशीब येत नव्हतं. त्याचा भाऊ अजमल लवकर गेला. त्याची पोर अर्फा इलियास आणि त्याची बायको सुरय्या यांनी पोटच्या लेकीसारखी वाढवली. त्यांना दुसरं मूल नव्हतं. पोर अभ्यासात तल्लख निघाली आणि शिकत शिकत देशाची अण्वस्त्रं जिथं घडतात त्या सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ झाली. प्रयोगशाळेचं नाव मी घेत नाही. अर्फानं घरात कधी घेतलं नाही, मग आपण कशाला घ्या.

ईदेला ती घरी यायची. इलियास आडून आडून विचारायचा, “आत काय काय असतंय गं?” ती हसून म्हणायची, “चाचा, जेवून घ्या.” झालं. इकडं गाड्यावर लोक विचारायचे, “जॉबर, पोरगी करती काय नक्की?” आणि अख्ख्या माधवनगराची खबर ठेवणारा हा माणूस “मोठं काम हाय” एवढं म्हणून गप्प बसायचा. ते त्याला फार लागायचं. त्यात पोरीची तिशी आली आणि लग्न जमेना. आलेली स्थळं म्हणायची, एवढी शिकलेली, सरकारी गुपितात वावरणारी पोर घरात मोकळी वागेल कशावरून?

त्याच सुमाराला प्रयोगशाळेच्या कारभारात ढिलाई सापडली, म्हणून दिल्लीनं वर एक देखरेख समिती बसवली. शिपायापासून शास्त्रज्ञापर्यंत आत जाणाऱ्या प्रत्येकाची नव्यानं चौकशी करायची ठरलं. समितीची माणसं ज्याच्या त्याच्या गावात जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणार होती. अर्फाला हे माहीत होतं. घरी सांगायचं नाही असा हुकूम होता, म्हणून तिनं सांगितलं नाही. ती हुकूम पाळणारी पोर.

आणि एके दिवशी, भाऊसो गुळाला गेलेला असताना, दोन माणसं गाड्यावर आली. इस्त्रीचे शर्ट, बूट स्वच्छ, बोलणं हिंदीकडं झुकलेलं. इलियासनं चहा ओतला. त्यातल्या मिशीवाल्यानं सहज विचारलं, “इथली ती अर्फा मुजावर, कशी मुलगी आहे?”

इलियासच्या काळजात लख्ख झालं. स्थळ! तेही मोठ्या घरचं. शब्द काढायचा नाही हे त्याला ठाऊक होतंच, आणि आणखी एक ठाऊक होतं. घरच्या माणसानं केलेल्या तारिफीला कोण विचारतो?

“आपण कोण तिचे?” धाकट्यानं विचारलं.

“मी कोन? शेजारी. ह्यो गाडा माजा. पोर माज्या डोळ्यांदेखत मोठी झाली.”

“स्वभाव?”

“सोनं हाय बगा. मोठ्या मानसाचा शबूद मोडत न्हाई. चाचानं सांगितलं ऊठ तर उठंल, बस तर बसंल.”

“घरात, इथं, कामाचं काही बोलते?”

हाच तो सवाल. पाहुण्यांना भीती आहे, पोरगी घुमी असेल, आतल्या गाठीची असेल. इलियासनं चहाची किटली खाली ठेवली आणि जीभ मोकळी सोडली.

“आवं, लपवनं म्हंजे काय ते तिला ठावंच न्हाई. सुट्टीला आली की हितं ह्या बाकड्यावर बसती आन् आतलं समदं सांगती. कुठल्या खोलीत काय चाललंय, सायेब कोन, काय बनतंय, मला हितं बसून पाठ हाय.”

“परदेशात कुणी नातेवाईक?”

“लय! दुबई, मस्कत, लंडन. जाईल तितं त्यांची मानसं.” खरं तर सुरय्याचा एक मावसभाऊ कधीकाळी मस्कतला ड्रायव्हर होता, आणि तोही केव्हाच परत येऊन मिरजेला रिक्षा चालवत होता.

माणसांनी एकमेकांकडं पाहिलं, चहाचे पैसे दिले आणि गेली. इलियासनं घरी सुरय्याला काही सांगितलं नाही. पाहुण्यांचा निरोप येऊ दे, मग सांगू, उगाच नजर लागायला नको. त्या आठवड्यात त्याचे गुडघेसुद्धा दुखले नाहीत.

निरोप आला नाही. अर्फाच आली. ईद नाही, काही नाही, एका दुपारी बॅग घेऊन दारात उभी. डोळ्यांखाली काळं आलेलं. सुरय्यानं पाणी दिलं, जवळ घेतलं, तेव्हा तिनं सांगितलं, तेही मोजून मापून. तिचा आत जायचा पास काढून घेतला होता. नोकरी अजून होती, पण काम नव्हतं. तिची चौकशी लागली होती.

“का पर? तू काय केलंस?” सुरय्यानं विचारलं.

“मी काहीच नाही केलं, चाची. समितीला माधवनगरातल्या एका चहाच्या गाडेवाल्यानं सांगितलंय, की मी सुट्टीला येऊन गाड्यावर बसून आतलं सगळं बोलते. म्हातारा माणूस आहे म्हणे. शेजारी आहे.” इथं तिचं मोजून मापून बोलणं सुटलं. “एवढी वर्षं मी तुमच्याशीसुद्धा एक अक्षर बोलले नाही. आणि त्यानं माझं असं का करावं?”

इलियास भिंतीला टेकून बसला होता. हातातला पेला त्यानं खाली ठेवला. ते स्थळ नव्हतं. त्यानं आपल्या हातानं चहा पाजून पोरीच्या गळ्यात धोंडा बांधला होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आत्ता सांगावं, या क्षणाला सांगावं, असं त्याला वाटलं, आणि त्यानं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं, आणि त्याचं धाडस गळालं. काय म्हणेल ती? ज्या माणसाला बाप मानलं त्यानंच?

त्यानं सांगायच्या आत सुरय्या चप्पल घालून बाहेर पडली होती. तिनं भाऊसोला भर चौकात गाठलं. “तुज्या लेकीवानी पोर माजी, तिनं तुजं काय घोडं मारलंवतं रं? राणीचं लगीन माज्या नवऱ्यानं जमिवलं, त्याची ही फेड व्हय?” भाऊसोला काही कळेना. तो नुसता हात जोडून म्हणत राहिला, “वैनी, मला कुनी इचारलंच न्हाई. शप्पत घ्या.” लोक जमले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. दुसऱ्या दिवसापासून निम्मी गल्ली पुढच्या वळणावर चहा प्यायला लागली.

आणि इलियास? तो घरात बसून राहिला. गुडघा दुखतो म्हणाला. शरमेनं त्याला तोंड उघडवेना. रोज ठरवायचा, आज सांगतो. रोज अर्फा “चाचा, दूध घ्या” म्हणत समोर यायची आणि रोज तो शेपूट घालायचा. नालायकपणाच म्हणायचा, दुसरा शब्द नाही. मला त्याची कीव येते आणि राग पण येतो.

शेवटी भाऊसोच त्याच्या दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“इलियासभाई, वैनी बोलल्या त्याचं कायबी न्हाई. पर तुमी तरी मला खरं माना. माज्या राणीच्या टायमाला तुमी चांगलं बोलला. मी तुमच्या पोरीचं वाईट बोलंन व्हय?”

 इलियासनं मान खाली घातली, आणि भाऊसोला वाटलं, यालाही आपलं पटलं नाही. तो डोळे पुसत वळला. तेव्हा इलियास भिंत धरून उठला.

“थांब गड्या. आत ये. अर्फा, सुरय्या, भायेर या. मला बोलायचंय.”

त्यानं सगळं सांगितलं. कुणाकडं बघितलं नाही. सुरय्यानं पदर तोंडाला लावला. भाऊसो मटकन खाली बसला. अर्फा तेवढी उभी राहिली, दाराची कडी धरून.

“तुम्ही?” ती म्हणाली.  मग विचारलं, “मी तुम्हाला कधी काही सांगितलं नाही, त्याचा राग होता का चाचा?”

“राग न्हाई गं. हौस हुती,” इलियास म्हणाला. “तू मला सांगतीस, असं कुनाला तरी सांगायची. त्यांनी इचारलं आन् मला वाटलं, खरंच सांगतीस.” एवढं बोलून तो रडला, आणि त्याला कुणी गप्प केलं नाही. सुरय्या आधी भाऊसोच्या पाया पडली.

पुढं अर्फाच्या चौकशीसाठी समितीची माणसं सांगलीच्या विश्रामगृहात पुन्हा आली. तोच मिशीवाला, आणि सोबत एक वरच्या अधिकारी बाई. इलियास गेला, भाऊसोला बरोबर घेऊन. खरा गाडेवाला कोण, हे आधी दाखवलं. मग सगळं कबूल केलं. चौकशीला स्थळ समजलो म्हणाला. मिशीवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं, पण बाई हसल्या नाहीत.

“त्या दिवशी शेजारी म्हणून खोटं बोललात,” त्या म्हणाल्या, “आज चाचा आहात. मुलीची नोकरी वाचवायला आज खोटं बोलत नाही कशावरून?”

“बरूबर हाय, बाई. माज्यावर इश्वास ठेवू नगा. मला इचारा.”

त्यांनी विचारलं. खूप विचारलं. ती कुठल्या विभागात आहे, कशावर काम करते, तिच्या वरचा अधिकारी कोण, कामाला किती वाजता जाते, सोबत कोण असतं. प्रत्येक प्रश्नाला इलियास मान हलवत गेला. न्हाई. ठावं न्हाई. न्हाई सांगितलं. साऱ्या गावाची खबर ठेवणारा माणूस आपल्या लेकीविषयी तासभर नाही नाही म्हणत राहिला. शेवटी म्हणाला, “बाई, ती बसती त्या खोलीला खिडकी हाय का न्हाई, हे बी मला म्हाईत न्हाई. मी इचारलंवतं एकदा. बोलली न्हाई.”

बाईंनी पेनला टोपण लावलं. “ते मलाही सांगता यायचं नाही,” एवढंच म्हणाल्या.

काही आठवड्यांनी अर्फाला बोलावणं आलं. चौकशी मिटली, पास परत मिळणार होता. सुरय्यानं गल्लीत गोड वाटलं, पहिला वाटा भाऊसोच्या घरी. इलियासनं गाड्यावर भर गर्दीत उभं राहून, चूक माझी होती, भाऊसोची नव्हती, हे सांगितलं. दोन-तीन वेळा सांगितलं, लोकांना कंटाळा येईपर्यंत. तरी त्याच्या मनातली टोचणी जाईना. कारण जाताना अर्फा एक गोष्ट बोलून गेली होती, सुरय्याशी, हळू आवाजात. पास मिळणं वेगळं आणि जुनं काम मिळणं वेगळं. इतके दिवस ते काम कुणासाठी थांबत नाही. सात वर्षांची मेहनत होती त्यात.

ती पोचल्यावर फोन आला. सुरय्या बोलली, मग इलियासनं घेतला. गुडघा कसा आहे, गोळ्या घेता का, असं सगळं तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यामुळंच त्याला विचारायचा धीर आला.

“अर्फा, तुजं पैलं काम मिळालं का गं परत?”



“चाचा, ते मला सांगता येत नाही.”

“दुसरं काय बी सांगू नगंस. नुस्तं व्हय म्हन, न्हाई तर न्हाई म्हन. माज्यामुळं गेलं का, एवढंच.”

तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. इलियास फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. सुरय्या खुणेनं विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली.

“जेवून घ्या म्हणाली,” इलियासनं सांगितलं.