एका इंजिनाची चाल

आमचे शेजारी जन्मभर मुंबईत विमानांची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झाले आणि मालवणात येऊन शेजाऱ्यांना दुरुस्त करू लागले. यंदा त्यांची बायको लेकीच्या बाळंतपणाला एकटीच अमेरिकेला निघाली. महिनाभर ते तिला नियम शिकवत होते.

"अगो, दोन इंजिनांच्या इमानाक समुद्रार वाट्टेल तितक्या लांब जाऊक गावणा नाय. एक बंद पडला, तर दुसऱ्यार ठरलेल्या वेळात खंयतरी उतराक व्हया. आणि ती वेळ त्या एका इंजिनाच्या हळू चालीनच मोजूची!"

शेवटी वहिनी कडाडल्या, "माका इमानाचा भय नाय! तुमच्या हृदयाचा ऑपरेशन झालाहा. माज्या पाठसून छातीत दुखाक लागला तर खंय जातलात, ता सांगा!"

मला न विचारताच शेजाऱ्यांनी माझ्या घराकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या सकाळी खिडकीतून पाहतो, तर हे छातीवर हात ठेवून, वाकून, गोगलगाईसारखे माझ्या अंगणात येताहेत. मी घाबरून धावलो. त्यांनी मला हातानेच थांबवलं, घड्याळ पाहिलं आणि फाटकात उभ्या असलेल्या वहिनींना ओरडून सांगितलं, "चार मिनटा! जा गो तू आता."