आंबटाची बाटली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? दमलेय — आत धरून ठेवून दमलेय.

बाबा निजामपुऱ्यात कापडाच्या लूमसाठी सूत तयार करणाऱ्या सायझिंग कारखान्यात होते. लूमवर जाण्याआधी सुताला खळ चढवायची, दिवसभर वाफेत उभं राहायचं. ती खळ त्यांच्या हातांवरच वाळायची. लूम बंद पडले की ड्युटी नाही, मग घरात दोन्ही वेळा पेज. अशा घरातून मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. घराण्यात पहिली. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. लपवलं ते दुसरंच.

राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये नोकरी लागली. तिथे स्टार्चची फिल्म बनायची — खाऊ गुंडाळायची, दिसायला प्लास्टिक, पण गाडली की मातीत जिरणारी. दमट हवेत तिला बुरशी धरायची. मी तिच्यात जस्ताचे कण घातले. नॅनो, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. बुरशी थांबली. गोडाऊनचे मालक, शेठ, येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "हमारे मॅडमने कमाल कर दी!" मला केवढं वाटलं असेल?

फिल्ममधून खाण्यात काय उतरतं, ते तपासायची रीत असते. पट्ट्या एका बाटलीत पाण्यात भिजवायच्या, दुसरीत पातळ व्हिनेगरमध्ये — ती आंबट पदार्थांसाठी. दोन्ही बाटल्या मी बाहेरच्या लॅबला पाठवल्या. पाण्याची पास झाली. आंबटाची — नाही. चालेल त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त जस्त उतरलं होतं.

शेठनी काही लपवायला सांगितलं नव्हतं. त्यांना माहीतच नव्हतं. फक्त पाण्याचा निकाल पुढे दिला तो मी. 'सर्व खाद्यपदार्थांसाठी सुरक्षित' असं लिहून सही केली ती मी. मातीचंही तसंच — स्टार्च जिरायचा, जस्त मागे राहायचं. कुणी विचारलं नाही. मी बोलले नाही.

माझी काकी शाळेबाहेर चिंचेच्या गोळ्या विकायची. माझ्या शब्दावर तिने गोळ्या बांधायला आमची फिल्म घेतली. एकदा हसत हसत घरी आली — "बाय, तुझा कागद लय भारी हाय! पोरं गोली संपवतान न् मंग कागद पन चघलतान!"

चिंच. आणि वरून चघळतात.

मी काय केलं? हसले. चहा ठेवला.

एक वाक्य तर बोलायचं होतं. पण मग ती सही खोटी, मी खोटी — शिकलेली पोरगी म्हणून गल्लीत जे नाव होतं, तेही गेलं असतं. काकी त्यातच गोळ्या बांधत राहिली. शेवटी माल येत नाही अशी थाप मारली आणि तिला बटर पेपर आणून दिला. बाकीच्या गिऱ्हाइकांना तर थापही मारली नाही. माल जात राहिला. पोरांना काही झालं का? माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. काकी अजून माझं कौतुक करते, आणि मी ऐकून घेते.

पुढे मी जस्त काढून टाकलं. बुरशी रोखायला लवंगेचं तेल घालून नवी फिल्म बनवली. ती पाण्यात पास झाली, व्हिनेगरमध्येही झाली. राहनाळहून आता तीच जाते.