एकोणीस पिवळे बाण

ही गोष्ट अजून माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. आईला मी फोनवर सगळं सांगते – सर्दी, घरमालकाची कटकट, ऑफिसातली भांडणं – पण हे नाही. माझ्या मैत्रिणीला, मानसीलाही नाही, आणि ती तर तिथेच होती. तुला सांगतेय, या कागदावर. तू मला ओळखत नाहीस, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

आधी मी कोण ते ऐक, नाहीतर लाज कशाची ते कळणार नाही. नाशिकला कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे आणि वाटायचे. किल्ल्यांच्या भिंतींवर बदाम काढणाऱ्यांविरुद्ध, नावं कोरणाऱ्यांविरुद्ध. 'ही भिंत तुझ्या बापाची नाही' – ही ओळ माझी. गडाच्या पायथ्याशी उभी राहून कागद लोकांच्या हातात कोंबायचे. कुणी फेकला तर उचलून परत त्याच्याच हातात द्यायचे. अशी होते मी. अजून अशीच आहे – गोम तीच आहे.

शिकायला परदेशात, गॉलवेला आले, मग इथेच स्टेंट बनवणाऱ्या कंपनीत लागले. आणि एका रविवारी मानसी आणि इथल्या इतर भारतीय मित्रांबरोबर बरेनला गेले. तू पाहिलंयस का ते? डोंगर आहेत, पण झाड शोधून सापडत नाही. नजर जाईल तिथवर राखाडी चुनखडक, आणि त्याला हातभर खोल भेगा. आम्हाला घेऊन गेला होता डेक्लन – पन्नाशीचा, एका जुन्या व्हॅनमधून सहा-सहा जणांना गुहा दाखवणारा माणूस. त्याने आम्हाला एका भेगेपाशी चक्क पालथं झोपायला लावलं. आत एक पांढुरकं ऑर्किड होतं, आणि शेजारी निळंशार इवलं फूल. म्हणाला, हे भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांतलं, ते बर्फाच्या मुलखातलं, आणि दोघं शेजारी राहतात ती इथे. असं सांगत होता की जणू त्यानेच लावली होती.

आणि मग गुहा! नोरा नावाच्या विधवा शेतकरीणबाईंच्या कुरणात जमिनीला एक तोंड आहे, माणूस जेमतेम बसेल एवढं. पोटावर सरपटत आत शिरायचं, कोपर सोलून निघतं, नाकात ओल्या दगडाचा वास. आणि एकदम डोक्यावरचं छत नाहीसं होतं. दिव्याचा झोत वर टाकला तर दुधासारखे थर भिंतीवरून ओघळून तिथेच गोठलेले. कुठेतरी पाणी वाहतंय, पण दिसत नाही. मी ओरडले होते. खरंच. सह्याद्रीत दहा वर्षं भटकले, पण असं काही पाहिलं नव्हतं.

मग आम्ही आमचे आमचे जायला लागलो. नोराची पद्धत होती. आधी तिच्या दारावर टकटक करायची, किती वाजता बाहेर येणार ते सांगायचं, फाटक जसं होतं तसं ठेवायचं, आणि परतताना पुन्हा टकटक. ठरल्या वेळेला टकटक झाली नाही तर ती मदतीसाठी फोन करणार. बस. ना पावती, ना पाटी. माझ्यासारख्या बाईला तर हे स्वर्गच वाटलं.

दुसऱ्याच खेपेला मानसी चुकली. एका फाट्यावर आम्ही डावीकडे वळलो, ती उजवीकडे. वीस मिनिटं. हाक मारली की तिचा आवाज सगळ्याच भिंतींतून यायचा. सापडली तेव्हा गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, बॅटरी वाचावी म्हणून दिवा बंद करून. बाहेर येऊन म्हणाली, "तुमच्या गडावर निदान बाण तरी असतात गं."

असतात. सह्याद्रीत भटकलेल्या कुणालाही विचार. धुक्यात वाट हरवली की दगडावरचा रंगवलेला बाण दिसतो आणि जिवात जीव येतो. नाव कोरणं म्हणजे विटंबना, बाण काढणं म्हणजे पुण्य – आम्हा ट्रेकवाल्यांच्या डोक्यात हे पक्कं बसलेलं आहे. पुढच्या रविवारी बाकीचे गुहेच्या तोंडाशी थालीपीठं खात बसले होते. मी म्हटलं, टोपी आत राहिली, आलेच. सॅकमध्ये पिवळ्या ऑइलपेंटचा अर्धा डबा होता. माझ्या स्वयंपाकघरातली प्रेस – इथे कपाटाला प्रेस म्हणतात – रंगवून उरलेला.

एकोणीस बाण काढले. प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक वळणावर, सगळे बाहेरच्या दिशेने. काढताना मी आनंदात होते. यानंतर इथे कुणीही अंधारात गुडघे पोटाशी घेऊन बसणार नाही – असं मोठ्याने म्हणालेसुद्धा. त्या वेळचा आनंद खोटा नव्हता. तोही सांगायलाच हवा ना?

महिनाभरानंतर गावच्या हॉलमध्ये सभा भरली. नोराने पडद्यावर फोटो दाखवले. दुधासारख्या त्या थरावर पिवळा रंग, ओघळलेला. दगडात मुरला होता. खोलीतून असा आवाज आला, जसा कुणाला लागल्यावर येतो. आणि मला तेव्हा कळलं. त्या क्षणी. गडावर बदाम काढणारी ती मी.

माझा हात वर गेला. खरं सांगते, तो कबूल करायलाच वर गेला असं मलाही वाटलं. नोरा म्हणाली, "बोल, पेट." – ती सगळ्यांनाच लाडाने पेट म्हणते. मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "असे बाण कुणाला उपयोगी पडतात? नवख्या लोकांना रोज आत कोण नेतं?"

नाव घेतलं नाही. पत्रकवाले नाव घेत नाहीत, प्रश्न विचारतात. वाचणारा नाव स्वतःच भरतो, आणि स्वतः भरलेल्या नावावर माणूस कधी शंका घेत नाही. हे मला कॉलेजातच शिकवलं होतं. सगळ्या माना डेक्लनकडे वळल्या. तो उठून म्हणाला, मी बाण काढले नाहीत. एकदाच म्हणाला. मग बसला.

आपण भारतीय, आळ आपल्यावर येईल, म्हणून मी तसं केलं – असं मी कित्येक दिवस मनाशी घोकलं. खोटं आहे. त्या हॉलमध्ये आमच्याकडे कुणी बघितलंही नव्हतं. मला फक्त माझा चांगुलपणा जपायचा होता.

आणि मी तिथे थांबले का? नाही. घरी जाऊन दोन तासांत पत्रक लिहिलं. 'गुहा काय धंद्याची जागा आहे?' लायब्ररीत ठेवलं, दुकानांच्या काचांवर लावलं. संताप शब्दाशब्दात होता आणि – हे सगळ्यात घाण आहे – लिहिताना तो मला खरा वाटत होता. मजा येत होती. छान जमलंय असं वाटत होतं. नोराने फाटक डेक्लनपुरतं बंद केलं. मला मात्र घरात बोलावून चहा दिला.

बाण घासून काढायला स्वयंसेवक हवे होते. मी गेले, न जाऊन कसं चालेल? आणि तिथे डेक्लन आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. नोराने दारातून नुसतं बघितलं आणि त्या दिवसापुरतं जाऊ दिलं. आम्ही दोघं एकाच बाणापाशी गुडघ्यांवर, तारेचा ब्रश घेऊन. रंगाबरोबर दगडाचा पांढरा थरही सुटून येत होता. त्याने ब्रश झटकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक लक्षात आलं का तुझ्या? सगळे बाण बाहेरच्या दिशेने आहेत. ज्याने काढले त्याच्या मनात वाईट नव्हतं."

कबुलीचं दार उघडून धरलं होतं त्याने. त्याला माहीत होतं का? मला आजही सांगता येत नाही. मी म्हणाले, "मग त्याने पुढे येऊन तसं सांगावं ना."

त्याने मान हलवली. "ग्रँड," म्हणाला – इथे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात – आणि घासत राहिला.

त्यानंतर काही दिवसांनी मानसी घरी आली होती. चहाचे कप काढायला तिने प्रेस उघडली. उघडलेलं दार हातात धरून ती जरा जास्तच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "रंग छान आहे." मी म्हटलं, साखर वरच्या फळीवर. ती त्यानंतर बरेनला आली नाही. मी विचारलं नाही.

डेक्लनने व्हॅन विकली. आता तो पावाच्या बेकरीची गाडी चालवतो, माझ्या ऑफिसच्या रस्त्यावरून. दिसला की हात करतो. मीही करते.

पत्रकाच्या शेवटी मी नेहमी मागण्या लिहायचे, आकडे घालून. या कागदावर मागणी नाही.

बाण मी काढले. त्या दिवशी आम्ही अठरा घासले, आणि मोजणाऱ्याने आता झालं म्हणून सांगितलं. एकोणिसावा अजून आहे. मानसी जिथे बसली होती त्या खोपच्यात, गुडघ्याच्या उंचीवर, बसलेल्या माणसाला दिसेल असा. तो तिथे आहे हे मी तेव्हाही सांगितलं नाही, कारण मग मला कसं माहीत, हे सांगावं लागलं असतं.