लिलावातली बिननावाची रायफल

मुलांनो, तुमचे आजोबा घरात सगळीकडे नाक खुपसतात, फक्त जिन्याखालच्या लोखंडी कपाटात नाही. त्याची किल्ली कुठे असते हे त्यांना कळता कामा नये, असा इथला, ब्रिटनमधला, कायदाच आहे. बंदुकीचं सर्टिफिकेट माझ्या नावावर आहे, त्यांच्या नाही. नवऱ्यापासून काहीतरी लपवायची सरकारी परवानगी मला अशी म्हातारपणी मिळाली.

पुण्यात तुमच्या मित्रांना हे खरं वाटत नाही, असं तुमचा बाबा सांगत होता. त्यांना सांगा, आजी कागदी कार्डावरच्या काळ्या वर्तुळांना मारते आणि आजवर एकाही वर्तुळाने तक्रार केलेली नाही.

कार्डिफच्या हॉस्पिटलमधल्या लॅबमधून निवृत्त झाल्यावर मी नेमबाजीच्या क्लबात जायला लागले. तिथे मी कुणाची काकू नाही, आजी नाही, महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाची व्यवस्थापक नाही. हिवाळी लीगच्या टीममध्ये चौघं असतात, त्यातली मी चौथी. ही चौथी जागा मला फार प्रिय आहे.

मागच्या वर्षी माझा उजवा खांदा रुसला आणि जुनी रायफल उचलवेना. ती मी क्लबला देऊन टाकली. माझ्या सर्टिफिकेटवर एकाच रायफलीची जागा, त्यामुळे तिच्या बदल्यात हलकी बघत होते. गावाकडच्या एका लिलावात एक दिसली. एका बाजूला पेंढा भरलेला मासा, दुसऱ्या बाजूला कमोडची खुर्ची आणि मध्ये ही. वर्णन होतं: मुलांची बागेतली बंदूक, एका वेळी एकच गोळी घेणारी, बनवणारा अज्ञात, यंत्र अडकणारं. मासा कुणीतरी हौसेने नेला. रायफल माझ्याशिवाय कुणालाच नको होती.

क्लबात ती बघून एक निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "वा, पडदे लावायला छान दांडा मिळाला तुम्हाला." माझ्या चौथ्या जागेवर त्यांचा डोळा आहे. आमचे कॅप्टन पूर्वी पोस्टमन होते. ते मधला मार्ग काढणारे, आणि इथल्या रीतीने सगळ्यांना 'लव्ह' म्हणणारे. म्हणाले, "लव्ह, रविवारी तुम्ही दोघं एकेक कार्ड मारा. मग ठरवू. पण रायफल चालली पाहिजे."

म्हणजे हाताशी एक आठवडा होता.

आधी ती कोण आहे ते शोधणं आलं. लॅबमध्ये मी आयुष्यभर काचेवरचे डाग ओळखले, तेव्हा भिंग घेऊन बसले. कुणा स्वच्छताप्रेमी माणसाने पॉलिश पेपरने घासून घासून बनवणाऱ्याचं नाव पुसून टाकलं होतं. अशी माणसं आपल्यातही असतात, देवाच्या टाकांचे नाकडोळे घासून घालवणारी. पण लाकूड सोडवल्यावर नळीच्या खालच्या अंगाला मुकुटाचा छोटा ठसा सापडला. तो बर्मिंगहॅमच्या बंदूक-तपासणीचा. मागच्या बाजूला दोन भोकं मेणाने बुजवलेली होती. मी कानकोरण्याने मेण काढलं, तर आत स्क्रूचे आटे. इथे कधीकाळी बारीक छिद्रातून नेम धरायची मागची साइट बसवलेली असणार; आता नुसती साधी खाचेची उरली होती. दस्ताही पोराच्या हाताला लांबच. आणि टॉर्च लावून नळीतून पाहिलं, तर गोळीला फिरकी देणारे आतले पीळ अजून धारदार.

"मुलांची नाही ही," मी आजोबांना म्हटलं. "क्लबातल्या निशाणेबाजीसाठी बनवलेली आहे. शंभरीच्या आसपासची."

"म्हणजे तुझ्याहून मोठी एक तरी बाई आली घरात," आजोबा म्हणाले. त्यांना हात लावायला मनाई होती, तोंडाला नव्हती.

मग दुरुस्ती. या रायफलीचं काडतूस पेटतं ते कडेवर टोचणी बसली की. मधोमध नाही, कडेवरच, आणि तीही जोरात. माझ्या रायफलीची टोचणी झिजून गोल झाली होती आणि तिच्यामागची स्प्रिंग पार थकलेली. दोन्ही जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून पोस्टाने आली. एक खीळ काढली की या जातीचं सगळं यंत्र एकसंध हातात येतं. त्यात जुनं ग्रीस असं चिकटलेलं, जशी करपलेली आमटी. केरोसीन आणि टूथब्रशने दोन संध्याकाळी घासलं. नवे भाग बसवले. खरी काडतुसं किचनमध्ये चालवत नसतात, म्हणून सरावाचं खोटं काडतूस घालून चाप ओढला. कडेवर खोल, सुबक खूण उमटली. मी इतकी खूश झाले की आजोबांना तीनदा दाखवली.

शनिवारी शेवटचं तेल द्यायचं होतं आणि शिवणयंत्राच्या तेलाची बाटली रिकामी. आजोबा डोक्याला चोपडायचं खोबरेल रेडिएटरवर ठेवून पातळ करत होते.

"हे घाल की," ते म्हणाले. "या घरातल्या बिजागऱ्या, मिक्सर आणि माझे गुडघे, सगळं यावरच चाललंय."

मी घातलं. हात आखडता घेतला नाही.

रविवारी सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं. आमची नेमबाजीची रेंज म्हणजे पत्र्याची लांब शेड, हीटिंगचं नाव नाही. माझा नंबर आला. मी पालथं झोपून नेम धरला, चाप ओढला. टक. बस, टक. नियमाप्रमाणे नळी समोर ठेवून थांबले, मग काडतूस काढलं. कडेवरची खूण अगदी फिकी, नखाने ओढल्यासारखी. दुसरं घातलं. तेच.

"अडकित्ता म्हणून चांगली चालेल," मागून मॅनेजर म्हणाले.

कॅप्टननी मला उठवलं. "लव्ह, तुझ्याकडे त्यांचं कार्ड होईपर्यंत वेळ आहे. त्यानंतर जागा त्यांची."

मी बाकावर बसून खीळ काढली आणि यंत्र हातात घेतलं. टोचणी शाबूत, स्प्रिंग शाबूत. पण सगळ्यावर पांढरा, गुळगुळीत थर. वास घेतला आणि मला तुमच्या पणजीचं न्हाणीघर आठवलं. इथे आल्यापासून दर हिवाळ्यात मी खोबरेलाची बाटली काडीने कोरते आहे, आणि थंडीत ते थिजतं हे यंत्रात ओतताना मला आठवलं नव्हतं. त्या लोण्यातून टोचणी बिचारी रांगत होती.

घासायला तेवढा वेळ नव्हता. मी यंत्र रुमालात गुंडाळलं, कोटाची बटणं काढली आणि ते स्वेटरच्या आत काखेत दाबून धरलं. थंडगार लोखंडाने माझ्या तोंडून जे मराठी शब्द निघाले ते तुमच्या बाबाला विचारू नका.

कॅप्टननी पाहिलं. "अंडं उबवतेयस?"

"तेल वितळवतेय. केसांचं आहे."

त्यांनी खिशातून लायटरच्या पेट्रोलची डबी काढून बाकावर ठेवली. तेल पातळ झालं तसं मी ते पुसलं, पेट्रोलने धुतलं आणि यंत्र कोरडं ठणठणीत करून बसवलं. तोवर मॅनेजरांचं कार्ड संपलं होतं. चांगलं होतं, उगाच नाही कशाला म्हणा.

पुन्हा झोपले. चाप ओढला. या वेळी आवाज आला, आणि मग प्रत्येक वेळी आला.

कार्ड आणून टेबलावर ठेवलं. मॅनेजरांचे गुण माझ्याहून जास्त होते. माझी सगळी भोकं काळ्या वर्तुळाच्या खाली डावीकडे, पण एकावर एक, अशी की एका बटणाखाली झाकली जावीत.

"गुण म्हणजे गुण," मॅनेजर म्हणाले.

कॅप्टन दोन्ही कार्डं उजेडात धरून बघत राहिले. मॅनेजरांची भोकं वर्तुळभर पसरली होती, लग्नातल्या अक्षतांसारखी.

"हिची साइट वाकडी आहे," कॅप्टन मॅनेजरांना म्हणाले. "ती स्क्रूने सरळ होईल. तुझ्या कोपराला मी स्क्रू कुठून आणू?"

मग त्यांनी मला स्क्रूड्रायव्हर दिला आणि मंगळवारी सहाला टीमच्या सरावाला ये म्हणून सांगितलं.